साईंचा पडदा

उल्हासनगरात बर्फ पडत नाही. इथं बर्फ दिसतो तो मच्छीबाजारात भुशात गुंडाळलेल्या लाद्यांचा, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्याखाली. तरीही कॅम्प नंबर तीनमधल्या एका स्टुडिओत मी बावीस वर्षं बर्फातल्या माणसांचे फोटो काढत होतो, आणि तेही रात्रीचे. वर गोल चंद्र, मागं बर्फानं वाकलेली झाडं, एका घराची पिवळी खिडकी आणि पुढं नवरा-बायको.

तो पडदा होता. कल्याणला सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून साईंनी तो करून घेतला होता. पेंटरनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. देवदार म्हणून त्यानं सुरूची झाडं काढली आणि फांद्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा रंग दिला. पण रात्र त्याला साधली होती. निळा रंग वरून खाली फिका होत जायचा आणि जमिनीवर येऊन चांदण्यासारखा पसरायचा. खिडकीची जागा साईंनी स्वतः कात्रीनं कापली, तिथं पिवळा जिलेटीन कागद लावला आणि मागं पंधरा वॅटचा बल्ब सोडला. "खिडकी जलनी चाहिए," ते म्हणायचे, "नहीं तो आदमी को लगेगा, इतनी ठंड में जाना कहाँ है?"

साईं म्हणजे स्टुडिओचे मालक. सिंधमधल्या शिकारपूरहून सात वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, तिच्या बराकींत या लोकांना उतरवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण माणसांच्या तोंडात कॅम्पच राहिले. आजही आम्ही रिक्षावाल्याला 'तीन नंबर' म्हणूनच सांगतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्रानं आमच्यावर करून झाला आहे. साईंना तो आवडायचा. आपल्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ये भी यूएसए का माल है."

मी १९८३ साली, मॅट्रिकला गणितात नापास होऊन, त्यांच्याकडे लागलो. आम्ही मूळचे जावळी तालुक्यातल्या मेढ्याकडचे. अब्बा शहाडला रेयॉनच्या कारखान्यात होते. मुलगा फोटोग्राफरकडे लागला हे त्यांना रुचलं नव्हतं. ते काही फार कर्मठ नव्हते, पण माणसाची तसबीर काढणं त्यांना बरं वाटायचं नाही. कारखान्याच्या पासावरचा फोटो सोडला तर त्यांचा स्वतःचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता.

पडद्यासमोरचं काम असं चालायचं. भिंतीवरच्या खुंट्यांना एक लांब कोट, एक लोकरी टोपी, दोन शाली आणि हातमोजे टांगलेले असत. गिऱ्हाइकानं हवं ते घालायचं. पाचशे वॅटचे दोन दिवे, त्यांच्यापुढं निळा कागद. मी थर्माकोलचा तुकडा किसणीवर किसून त्यांच्या खांद्यांवर आणि केसांवर भुरभुरायचो. थर्माकोल उडू नये म्हणून पंखा बंद. लग्नसराई एप्रिल-मेची. निळ्या चांदण्यात, डोक्यावर बर्फ घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्यामुलाच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब चमकायचे. ते पुसायला माझ्याकडे पावडरचा पफ असे. बूट मात्र स्टुडिओत नव्हते, कारण प्रत्येकाच्या मापाचे ठेवणार कुठून? म्हणून साईंचा नियम होता की फ्रेम गुडघ्याच्या वरच कापायची.

फोटोतला बर्फ ही तशी कठीण गोष्ट आहे, हे मला साईंनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. कॅमेऱ्याचं लाइट मीटर समोरून येणारा उजेड मोजतं, पण समोर काय आहे हे त्याला कळत नाही. ते गृहीत धरतं की समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडणाऱ्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला, ते कमी करायला सांगतं, आणि ऐकलंत तर बर्फाची राख होते. काळा बुरखा घातलेली बाई असो की पांढऱ्या गाउनमधली ख्रिश्चन नवरी, मीटरच्या लेखी दोघी राखाडीच. "मीटर का क्या है बाबा," साईं म्हणायचे, "उसको सारी दुनिया सिमेंट दिखती है. बर्फ सफेद है, ये उसको तू बताएगा." म्हणजे मीटर सांगेल त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्यायचा.

१९८५ च्या मे महिन्यातलं एक जोडपं मला आठवतं. नवरा कापडाच्या दुकानात सेल्समन. लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. त्यानं साईंना बाजूला घेऊन सांगितलं, घरच्यांना आणि सासरवाडीला काश्मीरला जातो म्हणून सांगितलंय, पण पैसे पुरले नाहीत, चार दिवस लोणावळ्याला राहून आलो. त्या काळात काश्मीर म्हणजे लग्नानंतरचं मक्केमदिने होतं. सिनेमानं ते तसं करून ठेवलं होतं. साईंनी त्याला काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "कितनी कॉपी?" नवऱ्यानं हट्ट धरला की पूर्ण उभा फोटो हवा, पैसे देतोय तर अर्धा का? साईंनी नियम मोडला. मुलगी लाजून एकाच जागी बघत होती. मी थर्माकोल टाकला, घाम पुसला, बटण मी दाबलं. तीन पोस्टकार्ड साइज प्रिंट. मागं नेहमीसारखा स्टुडिओचा रबरी शिक्का.

असे फोटो शेकड्यानं काढले असतील. मला त्यात खोटं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते अब्बांमुळं. एकदा त्यांनी माझ्या हातात असा एक फोटो पाहिला आणि म्हणाले, "चेहरे कायकू निकालता रे? अल्लानं डोंगर बनाया, झाडां बनाया, वो निकाल." रागानं नव्हे, सहज. आणि मग, "हमारे उधर वेण्णा पे भी बर्फ गिरती. वो तो सच्ची है."

वेण्णा म्हणजे महाबळेश्वरचा तलाव. तिथं पडतं ते हिम नव्हे, दव गोठतं. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं, वारा पडला की रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. थंड हवा जड, ती उतारावरून खाली येऊन वेण्णेच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात साचते. वर बाजारपेठेत पारा पाच-सहावर असतानाही खाली गवताच्या पात्यावर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपावर शून्याखाली जातो आणि पांढरा थर धरतो. स्ट्रॉबेरीवाले शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतात. सूर्य वर आला की तासाभरात सगळं पाणी.

१९९१ च्या जानेवारीत मी मेढ्याहून चुलतभावाच्या स्कूटरवर केळघरचा घाट चढून पहाटे चारला तिथं पोचलो. बोटं इतकी बधिर की स्टँडचा स्क्रू फिरेना. मला वाटलं होतं, पडद्यासमोर इतकी वर्षं काढली, हे तर सोपं. पूर्ण रोल काढला आणि घाईत, थंडीत, साईंचं एकही वाक्य आठवलं नाही. मीटरचा काटा मध्ये आणून बटण दाबत गेलो. प्रिंटा आल्या तेव्हा वेण्णेचा काठ चुन्याच्या भट्टीशेजारचा वाटत होता. साईंनी प्रिंटा पत्त्यांसारख्या पिसल्या आणि एकच शब्द बोलले, "सिमेंट."

त्यातल्या त्यात बरी एक मी अब्बांना दिली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. "थोडी मैली आयी," म्हणाले. पण ती त्यांनी आपल्या ट्रंकेत ठेवली. १९९८ मध्ये ते गेले, तेव्हा ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर ती निघाली.

खऱ्या बर्फापर्यंत पोचायला मला २००४ साल उजाडलं. नोव्हेंबर २००३ मध्ये सरहद्दीवर युद्धबंदी झाली आणि काश्मीरच्या सहली परत निघू लागल्या. कॅम्पातल्या एका सहलवाल्याला ग्रुपचे फोटो काढायला आणि जमल्यास सामान मोजायला माणूस हवा होता. मी दोन्ही कामं घेतली. जम्मूपर्यंत गाडी, पुढं बस, जवाहर बोगदा, श्रीनगर आणि मग गुलमर्ग. पौषातली पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ले कलान म्हणतात, म्हणजे थंडीचा मोठा चिल्ला. आमची माणसं जेवून रजयांत शिरली. मी पेंटॅक्स के-१०००, स्टँड आणि बल्बला लावायची केबल घेऊन बाहेर पडलो. हॉटेलातला एक पोरगा फिरनच्या आत कांगडी धरून माझ्याबरोबर आला, बहुधा मी कुठं हरवू नये म्हणून.

चंद्र डोंगराआडून वर आला होता. आणि काय सांगू, मला पहिल्यांदा वाटलं ते हे की कल्याणच्या त्या पेंटरला कुणी सांगितलं होतं? तोच निळा, वरून खाली फिका होत आलेला, आणि दूर हॉटेलच्या एका खिडकीचा पिवळा उजेड बर्फावर पडलेला. झाडं मात्र वेगळी. खऱ्या देवदाराच्या फांद्यांवर बर्फ चुन्यासारखा फासलेला नसतो, ओंजळीत धरल्यासारखा असतो. समोर टेकडीवर लाल छपराचं महाराणीचं देऊळ. 'आप की कसम' सिनेमामुळं ते आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिवसा पाहायचं होतंच. (२०२४ च्या जूनमध्ये त्याला आग लागल्याची बातमी वाचली, तेव्हा मी आधी ही निगेटिव्ह शोधली.)

चांदण्यात मीटरचा काटा हलतच नाही, तळाशी पडून राहतो. तिथं हिशेबच करावा लागतो. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखावा भाग. ४०० एएसएची फिल्म, अ‍ॅपर्चर ४, म्हणजे साधारण एक मिनिट. पण फिल्म माणसासारखीच, फार वेळ उघडी ठेवली की दमते, शेवटच्या सेकंदांत पहिल्या सेकंदाइतकं काम करत नाही. म्हणून वाढवून द्यायचं. मी अर्धं मिनिट, एक, दोन आणि चार असे चारही काढायचे ठरवले. चंद्र फ्रेममध्ये घेतला नाही. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि फोटोत भोपळ्याच्या बीसारखा दिसतो. स्टँडचे पाय आधी बर्फात दाबून बसवले, नाहीतर फोटो चालू असताना ते खचतात. पोरगा म्हणाला, "साँस उधर छोड़ो." व्ह्यूफाइंडरवर श्वास लागला की तो गोठून काच पांढरी होते. फिल्मही गारठून कडक झालेली, हँडल अगदी हळू फिरवावं लागलं, जोर लावला तर तुटते.

दुसऱ्या फोटोच्या वेळी गस्तीवरचे दोन जवान आले. टॉर्चच्या उजेडात माझं ओळखपत्र पाहिलं, नाव वाचलं, परत माझ्याकडे पाहिलं. २००४ सालचं काश्मीर, रात्रीचे साडेनऊ, माझं नाव आणि स्टँडवर एक नळी. माझ्या पोटात गोळा आला हे लपवण्यात अर्थ नाही.

"किसका फोटो ले रहे हो?"

"बर्फ का."

"रात को?"

मी काय सांगणार? बाजूला झालो आणि त्यांना व्ह्यूफाइंडरमधून पाहायला सांगितलं. एकानं वाकून बराच वेळ पाहिलं. "इसमें तो कुछ दिखता ही नहीं."

"बाद में दिखेगा," मी म्हणालो. तो हसला. अर्ध्या तासात आत जा, एवढं बोलून दोघं गेले.

आत जाण्याआधी मी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. थंड कॅमेरा एकदम उबेत नेला की त्याला घाम फुटतो, लेन्सच्या आतसुद्धा. पिशवीत ठेवला तर तो घाम पिशवीला बाहेरून येतो. बर्फ आणि घाम ही जोडी माझ्या नशिबीच होती म्हणायची.

कॅम्पात परत आल्यावर लॅबच्या मशीननं पहिल्या प्रिंटा काढल्या त्या मीटरहून वाईट. मशीनही सरासरी काढतं. त्याला वाटलं, रोल अंधारात फसलाय, आणि त्यानं रात्रीचा उजाड, दाणेदार, हिरवट दिवस करून टाकला. मी ऑपरेटरशेजारी बसून एकेक डेन्सिटी बदलायला लावली. सातव्या प्रिंटीत रात्र आली आणि त्यात बर्फ पांढरा राहिला. दोन मिनिटांवालीच ती होती.

साईंची नजर तेव्हा मंदावली होती. त्यांनी प्रिंट भिंगाखाली धरली. मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "अच्छी है. खिडकी कहाँ है?" मी खिडकी फ्रेमबाहेर ठेवली होती. पिवळा डाग नको म्हणून.

पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ च्या पावसात, स्टुडिओत छातीइतकं पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा पडद्यावरचा निळा रंग चिखलात मिसळला होता आणि निगेटिव्हांच्या पाकिटांचे गठ्ठे होऊन चिकटले होते. साईंनी परत दुकान उघडलं नाही. चार वर्षांनी ते गेले. मी जवळच एक गाळा घेतला. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. जुने फोटो स्कॅन करून मोठे करून देतो, ते काम मला आवडतं.

२०२२ च्या डिसेंबरात एक पस्तिशीचा माणूस आईला घेऊन आला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यानं पाकिटातून एक पोस्टकार्ड साइज फोटो काढला. सगळा लाल पडलेला, त्या काळच्या रंगीत प्रिंटा तशाच पडतात. मागं साईंच्या स्टुडिओचा शिक्का. हा मोठा करून द्या, म्हणाला. आणि पुढच्या महिन्यात मम्मीला गुलमर्गला नेतोय, रात्री याच जागी तिचा फोटो काढायचा आहे, तर ही नक्की कुठली जागा ते तुम्ही सांगू शकाल का? शिक्का तीन नंबरचा आहे, म्हणून विचारत विचारत आलो.

आई स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग काउंटरच्या काचेखालच्या नमुन्यांकडे. मला ती ओळखू आली होती. तिला मी आलो की नाही, सांगता येत नाही.

"रोल फक्त इथं धुतला असेल," मी म्हणालो. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी सरळ खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. पडदा वेगळा. पडद्यासमोर उभं राहणाऱ्याला पडदा दिसत असतो. पण एकदा सुरुवात केल्यावर मी थांबलो नाही. आतून माझी २००४ ची प्रिंट आणली आणि देवळाच्या टेकडीच्या डाव्या अंगाला बोट ठेवलं. इथं कुठंतरी. मग मोबाइलवर रात्रीचा बर्फ कसा काढायचा ते सांगत बसलो. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेव, थंडीत बॅटरी एकदम बसते. हातात धरू नकोस, कशावर तरी टेकव. स्क्रीनवर बोट दाबून उजेड थोडा वर सरकव, नाहीतर बर्फ राखाडी येईल. तो मन लावून ऐकत होता, निदान मला तसं वाटलं. निघताना तो पुढं झाला आणि ती दारात थांबली. हळूच विचारलं, "भाऊ, वहाँ सच में बहुत ठंड होती है?"

रात्री मी फोटो स्कॅन केला. लाली काढली, निळा परत आणला. खिडकी उजळली. मोठा केला तसं पोस्टकार्डावर सहज न दिसणारं बरंच दिसू लागलं. पडद्याची खालची शिवण. आणि तिच्या पायात रबरी चपला, निळ्या पट्ट्यांच्या. त्या मे महिन्यात, साईंचा नियम मोडून काढलेल्या त्या फोटोत, आम्हा दोघांचंही पायांकडे लक्ष गेलं नव्हतं. बराच वेळ मी ते बघत बसलो. गुडघ्यावर कापावा तर त्यानं पूर्ण फोटोचे पैसे दिले होते, तेव्हाही आणि आताही. शेवटी शेजारचा बर्फ थोडा थोडा उचलून मी चपलांवर टाकला. घोट्यापर्यंत. चांगला जमला.

जानेवारीच्या शेवटी तो एकटाच आला. मोबाइलवरचा फोटो दाखवला, याचीही तेवढीच प्रिंट काढा म्हणाला. मोबाइलनं बर्फ चांगला पांढरा ठेवला होता, थोडा जास्तच. मागं टेकडी, देऊळ आणि कोपऱ्यात हॉटेलची एक पिवळी खिडकी. आई भाड्याचे गमबूट घालून उभी होती. डावीकडे एका माणसाइतकी जागा सोडून.

मी तिची प्रिंट काढली, दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तो जुन्यावर वाकला. बोटानं खालचा भाग चाचपला.

"अंकल, मम्मी की चप्पल कहाँ गयी?" तो म्हणाला. "पापा हर साल वो चप्पल दिखाके हँसते थे."

मी प्रिंट परत घेतली. मूळ स्कॅन अजून कॉम्प्युटरवर होता. त्याला स्टूल दिलं आणि म्हणालो, बसा, दहा मिनिटं लागतील.